कोटावरची ओढणी

काकूंच्या डाव्या करंगळीचं नख वाढलेलं असायचं, बाकी नऊ बोटांची अगदी बारीक कापलेली. दुकानातल्या पोरी चिडवायच्या, "काकू, ही कुठली फॅशन?" काकू म्हणायच्या, "फॅशन नाही गं, ती माझी डिग्री आहे." आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्या आत्याजवळ बसून बांधणी बांधत होत्या. नखाच्या टोकाने कापड चिमूटभर उचलायचं, त्यावर दोऱ्याचे वेढे आवळायचे, झाली गाठ. रंगात बुडवलं तरी गाठीत रंग शिरत नाही, सोडल्यावर तिथे ठिपका उरतो. लग्नानंतर ते काम सुटलं आणि तीस वर्षं काकू या अल्टरेशनच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करत राहिल्या.

एका सोमवारी एक इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी बांधलेल्या पुलाला बक्षीस मिळालं होतं, शनिवारी समारंभ होता. हातात राखाडी कोट-पँट आणि आईची लाल रेशमी बांधणीची ओढणी. "दोन्ही घालायचंय. पण ओढणीला कात्री लावायची नाही."

"कोटावर ओढणी? कसं दिसेल ते!" मालकांनी नाक मुरडलं.

"झकास दिसेल," काकू म्हणाल्या. त्यांचे हात केव्हाचे शिवशिवत होते. त्यांनी ओढणीची उभी घडी घातली, एका खांद्यावरून कोटाच्या कॉलरखाली सरकवली, कमरेला पट्ट्यात अडकवली आणि टोक गुडघ्यापर्यंत सोडलं. "आत शर्ट साधा घाला, गळ्यात काही नको. नजर एकाच ठिकाणी गेली पाहिजे." इंजिनिअरबाई आरशासमोरून हलेचनात.

आता खरं तर काम सोपं होतं. कोट कमरेत थोडा घ्यायचा, ओढणीला आतून दोन हूक लावायचे. पण दुकानात इस्त्रीवाले मामा होते ना! कापडावर एक चुणी दिसली की या माणसाला चैन पडत नसे. त्याच दुपारी काकू जेवायला गेल्या, मामांनी ओढणी टेबलावर पसरली आणि वाफेची इस्त्री फिरवली. काकू परत आल्या तेव्हा अर्धी ओढणी चादरीसारखी सपाट झाली होती.

"बघा, कशी गुळगुळीत केली!" मामा खुशीत होते.

अहो, गाठींमुळे पडलेल्या त्या बारीक चुण्या म्हणजे बांधणीचा जीव! त्यांच्यामुळेच ती अंगाला धरून बसते. "मामा, काय करून ठेवलंत हे!" काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मामांचा चेहरा पार उतरला.

मालक धावत आले. "ओरडू नका. बाईंना काय कळतंय? अशीच होती म्हणून सांगू."

"तुम्ही सांगाल हो. मला नाही जमायचं." काकूंनी सपाट भागातले ठिपके अंदाजाने मोजले. अडीच हजार तरी होते. "मला शुक्रवारपर्यंत दुसरं काम देऊ नका. एकही बटण नाही."

चार दिवस त्या खिडकीपाशी बसल्या. कापड जरासं ओलसर करायचं, ठिपका नखाने उचलायचा, दोरा आवळायचा. पहिल्या दिवशी बोटं अडखळली, पाचशेही गाठी झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हाताला सगळं आठवलं. मामा मधूनमधून चहा आणून ठेवत होते. पाठ मोडून आली, डोळे चुरचुरले, पण काकू मनातून इतक्या खूश होत्या की त्यांचं त्यांनाच हसू येई. शुक्रवारी दुपारी वाळलेलं कापड त्यांनी दोन्हीकडून धरून ओढलं. तडतड करत दोरे सुटले, आणि चुण्या होत्या तशा उभ्या राहिल्या. मामांनी टाळ्याच वाजवल्या.

संध्याकाळी इंजिनिअरबाईंनी सगळं अंगावर चढवलं. राखाडीवर ते लाल असं काही उठून दिसलं की मालकांनीही मान डोलावली. मग ते काकूंना डोळ्यांनी दटावू लागले. पण काकू ऐकतायत होय! इस्त्रीपासून गाठींपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

इंजिनिअरबाई ओढणीवरून हात फिरवत राहिल्या. "सांगितलंत कशाला, काकू? मला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं. उद्या कुणी विचारेल, किती सुंदर ओढणी, कुणाच्या हातची? तुम्ही म्हणाल, कुणास ठाऊक. आईच्या ओढणीची पहिली बांधणारी गेली तशीच, तिला कुणी विचारलं नाही. मी तर इथे समोर उभी आहे, ताई. अर्धी ओढणी माझ्या हातची आहे."

इंजिनिअरबाईंचे डोळे भरून आले. "मग उद्या माझ्याबरोबर चला. कुणी विचारलं तर तुम्हीच सांगा."

काकू मालकांकडे वळल्या. तीस वर्षांत त्यांनी सुट्टी नेहमी मागून घेतली होती.

"उद्या मी येणार नाही," काकू म्हणाल्या.