घट उठेस्तोवर

आमची आत्ती घरात शिरली की आधी माणसांकडे बघायची नाही, माळ्याकडे बघायची. पिशवी ओट्यावर ठेवायची, चपला काढता काढता मान वर करायची आणि म्हणायची, "जाळी लय झाल्यात की." मग पाणी, मग आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चौकशी. नवरात्राच्या आधी आठ दिवस आष्ट्याहून एसटीने औंधजवळच्या आमच्या गावी यायचं आणि भावाच्या घरचा दसरा काढायचा, हा तिचा आयुष्यभराचा नेम. दसरा काढायचा म्हणजे चिंधीपासून हंड्यापर्यंत घरातलं सगळं बाहेर ओढून धुवायचं, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. मनात एक आणि ओठांवर एक असं तिला कधी जमलंच नाही. त्या बाईनं आम्हाला सहा दिवस फसवलं. वर्ष झालं तरी मला ते खरं वाटत नाही.

आईनं वॉशिंग मशीन घेतलं त्या वर्षी आत्तीनं त्याचं झाकण उघडून आत डोकावलं आणि विचारलं, "ह्यात वाकळ कुठनं बुडायची? टावेल धुवायला घ्या ह्याला." मग नेहमीप्रमाणे सगळ्या वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे टेंपोत घालून आम्ही विहिरीवर गेलो. मोटार चालू करायची, पाटाच्या पाण्यात वाकळा तुडवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या आणि ताज्या कापलेल्या बाजरीच्या धाटांवर वाळत टाकायच्या. ऊन असं कडक की दुपारपर्यंत वाकळा खडखडीत वाळायच्या. बांधावर बसून भाकरी आणि खर्डा खायचा. आत्ती साडीचा ओचा खोचून पाण्यात उभी असायची आणि माझ्या पिळण्याला नावं ठेवायची. "मास्तरीण झालीस, पर मनगटात जोर न्हाई." मी साताऱ्याहून खास रजा टाकून या दिवसासाठी यायची. दिवाळीला न येऊन चाललं असतं, याला नाही.

यजमान गेल्यावर तिनं आष्ट्याचा घट सुनेच्या हवाली केला आणि ती दसऱ्यापर्यंत आमच्याकडेच राहू लागली. वावरातली माती तीच निवडून आणायची, खडे वेचायची, तिच्या देखरेखीखाली आबा धान पेरायचे. पहिली माळ खाऊच्या पानांची. पुढच्या माळांना तिळाची, कारळ्याची फुलं. धान उगवायला लागलं की रोज सकाळी चष्मा लावून बघायची आणि आबांना सांगायची, "बाळू, यंदा उगवण चांगली हाय. ज्वारी पिकंल." आबा साठीचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तिच्यापुढे मात्र ते बाळू. दसऱ्याला ती त्या धानाचा तुरा त्यांच्या टोपीत खोवायची आणि ते मान खाली घालून उभे राहायचे.

एकदा सातव्या माळेला भावकीतला एकजण दारात आला. चेहऱ्यावरूनच कळलं की लांबचं कुणीतरी गेलं आहे. आत्तीनं त्याला पायरीखालीच थोपवलं. "थांब. काय सांगायचं ते दसऱ्यानंतर सांग. कानावर आलं की सुतक लागलं, आन् घट अर्धाच उठवावा लागतोय." तो बिचारा पाणीसुद्धा न पिता परत फिरला. आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. सुतक कानातून लागतं म्हणे.

गेल्या वर्षी ती आली नाही. गुडघा धरला आहे, एसटी झेपणार नाही, म्हणाली. पण सोडणार थोडीच. व्हिडिओ कॉलवरून तिनं अख्खा दसरा काढून घेतला. "फोन फिरीव. फ्रिजच्या मागं दाव. आगं, भिताडाकडं न्हाई, खाली." मी फोन घेऊन घरभर वाकत होते आणि ती आडवी पडून हुकूम सोडत होती. आवाज बारीक झाला होता. आबांनी भेटायला येतो म्हटलं तर कडाडली, "घट बसवायचा सोडून गुडघा बघायला येतोस व्हय रं? दसऱ्यानंतर ये. सोनं घिऊन ये." तिच्या मागे पांढरी भिंत दिसत होती. आष्ट्याच्या घराला तिनं पोपटी रंग लावून घेतला होता, मीच तिला त्यावरून चिडवलं होतं. पांढरी भिंत सांगलीच्या दवाखान्याची होती. मी बघत होते आणि मला दिसलं नाही.

सहाव्या माळेला मी घटाचा फोटो तिच्या फोनवर पाठवला. उलट "छान" असं उत्तर आलं. आठव्या माळेला आबांनी फोन केला तर तिची सून, आमच्या वहिनी, म्हणाल्या, आत्ती झोपल्यात. दसऱ्याला आम्ही पुरणपोळ्या केल्या, औंधला देवीला जाऊन आलो, गावभर सोनं वाटलं. टोपीत तुरा या वेळी मी खोवला आणि आबा म्हणाले, "आक्काला फोटू पाठीव." मी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तीचा मुलगा, आमचा संभादादा, आला. आई म्हणाली, "ये रं आत, सोनं दे." तो पायरी चढेना. त्यानं टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं.

"मामा, आई गेली."

आबा ओट्यावर बसले होते, तसेच बसून राहिले. "कवा?"

"पाचव्या माळंला."

मी डोक्यात हिशोब करत होते. फोटो सहाव्या माळेला पाठवला होता. म्हणजे ते "छान" कुणाचं? मी किंचाळून विचारलं. संभादादा मान खाली घालून म्हणाला, "तुझ्या वहिनीनं लिवलं. आईनं शपथ घातल्याली. माझ्या घरचा घट तर उठणारच, पर बाळूचा अर्ध्यात उठू देऊ नगा, दसऱ्याला घट उठेस्तोवर मामाला सांगू नगा, म्हणली." सगळ्या भावकीला त्यानं हात जोडले होते, कुणी कुठे काही टाकलं नव्हतं. आजकाल माणूस जायच्या आधी त्याची बातमी फोनवर फिरते. आणि आमच्या आत्तीचं जाणं सहा दिवस अख्ख्या गावानं दाबून धरलं.

मी दादाला वाट्टेल ते बोलले. आबांनी एकच विचारलं, "भावाकडचं लुगडं कुणी नेसवलं तिला?"

"गेल्या भाऊबिजेचं हुतं. तिनं घडी मोडली न्हवती. पेटीतनं काढून ठेवाय लावलं हुतं."

"म्हंजी तिनं समदं ठरवलं हुतं," आबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांचं. ते आम्ही त्या दिवसापासून पाळलं. आत्तीच्या नियमात बसत होतं.

मला तिचा राग येतो, हे मी लपवत नाही. एवढी माया, आणि भावाला तोंड बघू दिलं नाहीस? कशासाठी, मूठभर धानासाठी? मग वाटतं, तिच्या लेखी ते मूठभर धान नव्हतंच, ते बाळूचं घर होतं. हेही कळतं आणि तरी राग जात नाही.

यंदा दसरा मी आणि आईनं काढला. वाकळा विहिरीवरच धुतल्या. घट बसवायच्या सकाळी माती, पत्रावळ, धान सगळं मांडून झालं, तरी आबा हात लावेनात. त्यांनी आईला, मला, माझ्या धाकट्या भावाला आणि भावजयीला समोर बसवलं.

"ह्या नऊ दिसांत माझं काय बी झालं तर घट मधीच उठवायचा," ते म्हणाले. "समद्यास्नी फोन करायचा. आष्ट्याला पयला."

"सणासुदीला असलं काय बोलताय आवं," आई कळवळली. "देवीचा कोप हुईल."

"देवीला समजंल. मला न्हाई समजलं अजून."

आबा तसेच बसून राहिले, एकेकाच्या तोंडाकडे बघत. आधी भाऊ हो म्हणाला, मग भावजय, मग मी. आई शेवटी म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी मातीला हात लावला.