रानटावणे

शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठीमास्तरांना कोणी हिंग लावून विचारत नसे. तेवीस वर्षं त्यांचं काम एकच: एका शब्दाची एक चिठ्ठी, तिच्यावर वाक्य, खाली ते कुठे सापडलं त्याचा पत्ता, आणि चिठ्ठी खणात. शब्द तीन ठिकाणी लिहिलेला सापडला तर कोशात, नाहीतर केराच्या टोपलीत.

मास्तरांचा जीव अडकला होता 'रानटावणे'मध्ये. एक चिठ्ठी जुन्या प्रवासवर्णनातली. दुसरी आईच्या पत्रातली, ते शिकायला परगावी खोली घेऊन राहत तेव्हाच्या. 'पातेल्यातून खाऊ नकोस, ताटात वाढून घे. एकटं माणूस बघता बघता रानटावतं.' तिसरी काही सापडेना. आई जाऊन अठरा वर्षं झाली होती. तिचं एक वाक्य तरी छापलेलं बघावं, एवढीच त्यांची हौस होती.

समितीच्या शेवटच्या बैठकीत त्यांनी धीर करून विषय काढला.

"रानटी तो मुळातच तसा. रानटावणं म्हणजे चांगला सुधारलेला माणूस हळूहळू रीतभात सोडतो, ते."

"असं कुठं होतं का?" अध्यक्ष हसले. "सुधारलेला माणूस पुढंच जातो, मास्तर. तिसरी चिठ्ठी नाही ना? टाका टोपलीत."

मग मुखपृष्ठाचा विषय निघाला. कोणाचं नाव आधी? दहा मिनिटं 'आदरणीय', 'आपण' चाललं. मग सगळे अरेतुरेवर आले. व्याकरणवाल्यांनी इतिहासवाल्यांचा बाप काढला. इतिहासवाल्यांनी एका जुन्या कोशाचा पहिला खंड उचलून त्यांना हाणला. अध्यक्ष बुटांसकट टेबलावर चढले आणि तिथून ओरडू लागले. मास्तर खाली मान घालून बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते, कारण तेही त्यांच्याच गळ्यात होतं.

इतिवृत्त वाचायचं नाही, नुसती सही ठोकायची, ही समितीची जुनी खोड. वाचणं हे कारकुनाचं काम! दुसऱ्या दिवशी मास्तर सात घरं फिरले आणि सात सह्या घेऊन आले. सही झाली की मजकूर समितीचा, हाही कचेरीचा नियमच. त्यांनी शांतपणे तिसरी चिठ्ठी लिहिली आणि खणात ठेवली. प्रुफं बघायला एकत्र बसायचं, तर सातांची तोंडं सात दिशांना होती; प्रुफं कोणी पाहिलीच नाहीत.

कोश छापून आला तसे अध्यक्ष तणतणत आले.

"'सव्वाचार वाजता समिती रानटावली.' हे कोणी लिहिलं?"

"आपणच, साहेब. खाली सही आहे."

अध्यक्षांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि दार आपटून गेले. ही शिवी कोशात नाही, हे मास्तरांच्या लगेच लक्षात आलं.

समितीच्या वाक्याच्या वर आईचं वाक्य होतं. ते अध्यक्षांनी वाचलंच नव्हतं. मास्तरांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. जेवायची वेळ झाली होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. एरवी ते डब्यातूनच खात. आज त्यांनी कपाटातली बशी काढली, नळाखाली धुतली आणि तिच्यात वाढून घेतलं.