फसली तेराशे सत्तावन्न

उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर खाजामियाँ पेटीपासून गिटारपर्यंत सगळं दुरुस्त करतात. गोड बोलून गिऱ्हाईक राखायची सवय त्यांना नाही.

लातूरच्या राजश्रीबाई वडिलांची हवाईयन गिटार विकायच्या विचारानं घेऊन आल्या. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीनं वाजवायची, तसली. आत पेन्सिलीनं इंग्रजी आकड्यांत १३५७ लिहिलेलं, शेजारी उर्दू अक्षरं. हा कारखान्याचा नंबर, वाद्य दुर्मिळ, दोन लाख कुठं गेले नाहीत, असं नेटवर कुणीतरी त्यांना पटवलं होतं.

खाजामियाँनी गिटारची सुटत आलेली पाठ उघडली, चष्मा पुसला आणि आतली अक्षरं वाचली.

"नंबर न्हाई बाई, निजामाचं फसली साल हाय. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं. गिटार त्याच्याबी आधीची. पण शेजारी लिवलंय, 'वरची फळी नवी घातली.' म्हणून वीस हजार, लई झालं."

"ते पुसता नाही का येणार?"

"मग दुसरीकडं जा. माझ्या अब्बांचं अक्षर हाय ते."

राजश्रीबाई ओशाळल्या. म्हणाल्या, "विकत नाही मी. दुरुस्तच करून द्या."

खाजामियाँनी तारांखालची झिजलेली घोडी बदलली. पाठ चिकटवण्याआधी पेन्सिल घेऊन अब्बांच्या ओळीखाली मराठीत लिहिलं, 'घोडी नवी घातली.'

"साल कोणतं टाकू?"

"आजचंच, पण तुमच्या अब्बांच्या फसलीतलं."

खाजामियाँनी बोटांवर हिशेब केला आणि लिहिलं, फसली १४३५.