निकालाची साखर

निकालाच्या दिवशी मोठ्या बाई शाळेत सूप घेऊन यायच्या. घरातलंच, शेणानं सारवलेलं, कडेला चिंधी शिवलेलं साधं सूप. ते काखेत मारून त्या पेठेतून चालत निघाल्या की मागावर बसलेल्या बायकासुद्धा एकमेकींना म्हणायच्या, "आज निकाल हाय की ग." शाळेच्या अंगणात बाई आयांना बसवायच्या, मूठभर जोंधळे सुपात घेऊन दोनदा पाखडायच्या आणि कोंडा उडाला की विचारायच्या, "मी कोंड्यावर रागावले का? नाही. दाण्यांवर माया केली का? तेही नाही. नुसतं सूप हलवलं. निकाल म्हणजे एवढंच असतं, बायांनो." मग निकालाचा कागद त्याच सुपात ठेवायच्या आणि माझ्याकडं सरकवायच्या.

"द्वारके, वाच. जे लिहिलंय तेच वाच. तुझ्या मनातलं वाचू नकोस."

मी बार्शीची. वय एकोणीस, नवऱ्यानं टाकलेली आणि सातवीची फायनल पास झालेली. त्या काळी मास्तरीण व्हायला एवढी पात्रता पुरायची. सोलापुरात विणकरांच्या पेठेत मुलींची एक शाळा होती, तिथं मला मोठ्या बाईंच्या हाताखाली नेमलं. कुठली शाळा ते सांगणार नाही. त्या शाळेत शिकलेल्या बायका आता आज्या झाल्यात, त्यांना कशाला लाज!

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. उंच, काटक, बालविधवा. पांढरं लुगडं इतकं स्वच्छ की मुली त्यांच्या जवळून जाताना हात मागं बांधायच्या. मला त्यांनी आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ता रडून घे. उद्यापासून चौथीचा वर्ग तुझा." मी रडले. त्यांनी आपली भाकरी खाल्ली आणि माझं झाल्यावर विचारलं, "झालं? आता बेरीज तपासायला घे." असं प्रेम होतं त्यांचं. प्रेमच होतं, मी नाही म्हणत नाही.

त्यांच्याइतकं निकाल समजणारं माणूस मी पुढं पाहिलं नाही. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब वर्षातून एकदा परीक्षा घेऊन जात, आणि मागून कागद येई. वाचन, लेखन, गणित, शिवण असे रकाने आणि शेवटी एक रकाना शेऱ्याचा. बाकीच्यांना त्यात नुसते आकडे दिसायचे. बाई बोट फिरवत म्हणायच्या, "ही बघ, गणितात पडली. हिच्या घरी धाकटं भावंड झालंय, ही सांभाळते. ही लेखनात पडली, हिचा हात मागाच्या सुताच्या कांड्या भरून सुजतो." एकेका आकड्यामागचं घर त्यांना ठाऊक असायचं. मला वाटायचं, एवढं कळतं तर दया का येत नाही या बाईला? एकदा तसं विचारलंही. म्हणाल्या, "कळणं वेगळं, वळवणं वेगळं. वैद्याला नाडी कळते म्हणून तो नाडी बदलतो का?"

एकदा एका लिंगायत व्यापाऱ्याची बायको कडक भाकरीची चवड आणि लोण्याचा गोळा घेऊन आली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत तिनं लेकीला पास करा म्हणून बाईंचे पाय धरले. बाईंनी भाकरी ठेवून घेतली, तिच्यासमोर मोडून खाल्ली, चांगली झालीय म्हणाल्या. ती बिचारी हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी निकालात पोरीचं नाव खाली. बाई अंगणात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भाकरी पास, पोर नापास." बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. हसू येण्यासारखंच होतं ते, अगदी आपल्यावर येईपर्यंत.

आता नागमणीचं सांगते. तेच सांगायला बसले आहे खरं तर.

नागमणी चौथीत होती, दहा वर्षांची. आईबाप चार वर्षांपूर्वी निजामाच्या मोगलाईतून सोलापुरात आलेले, घरात तेलुगू. बाप गिरणीत, आजोबा घरच्या मागावर. आई लच्छम्मा दिवसभर घरात सूत उकलायची, तिला बाजारापुरतं मराठी यायचं, तेही मोडकं. पोर मात्र माझ्या पदराला चिकटलेली असायची. गणितात तर अशी की मी फळ्यावर बेरीज पुरी मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार. एक दिवस पाटी पुसता पुसता म्हणाली, "बाई, ताता म्हनला, पास झाली तर शाळा. न्हाय झाली तर मेनमामाकडं." ताता म्हणजे आजोबा, मेनमामा म्हणजे आईचा भाऊ. मी म्हटलं, मामाकडं जायला काय झालं? तर पाटीवरची नजर न काढता म्हणाली, "मेनमामाची बायको मेली की बाई."

त्यांच्यात मामाशी लग्न लागतं. मामा तिशीचा होता. मी त्या दिवसापासून त्या पोरीला मधल्या सुट्टीत बसवून वाचन करून घ्यायला लागले.

परीक्षेला डेप्युटींनी तिला उतारा वाचायला दिला. घडाघडा वाचला. मग त्यांनी विचारलं, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय?" तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "घडा सरळ करायचा, मग पानी घालायचं." डेप्युटी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसून झाल्यावर त्यांनी गुण कापले. कागद आला तेव्हा गणितात ती वर्गात पहिली होती आणि वाचनात दोन गुणांनी गेली होती.

मी बाईंपुढं हात जोडले. शेऱ्याच्या रकान्यात मुख्य बाईंनी 'वर घालण्यास हरकत नाही' एवढं लिहिलं तर डेप्युटी मान्य करत, हे मला माहीत होतं. घरची अटही सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग टाक बुडवला. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी लिहिलं, 'भाषा कच्ची.'

"बाई, अहो तिचं लग्न लावतील!"

"लावतील. पण दोन गुण मी दिले तर ते तिचे नव्हेत, माझे. माझ्या गुणांवर ती किती वर्षं चालेल?"

निकालाच्या दिवशी अंगण भरलं. सूप हललं, कोंडा उडाला. बाईंचा नेम असा की आधी पास झालेल्या, वरून खाली, आणि मग राहिलेल्या. लच्छम्मा काम टाकून आली होती, केसांत सुताचे धागे तसेच. मी वाचत गेले. पास, पास, पास. एकेक आई उठून लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होती. मग पहिलं नापासाचं नाव आलं.

"नागमणी. नापास."

आणि लच्छम्मा ताडकन उभी राहिली. "ना पासु! ना पासु! ना बिड्डा!" पोरीला उचलून तिनं गरागरा फिरवलं. मला आधी कळेचना. मग कळलं. तेलुगूत 'ना' म्हणजे माझं. 'पास' तिला ठाऊक होता. नवऱ्याचा गिरणीच्या फाटकावरचा पास हरवला तेव्हा चार दिवस चूल अर्धी पेटली होती. तिला वाटलं, बाकीच्यांचा नुसता पास, आणि हा माझा पास, माझ्या लेकराचा! मराठी बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लच्छम्माही हसली. तिला वाटलं, त्या आपल्याच आनंदात हसताहेत.

नागमणीला सगळं कळलं होतं. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडं बघत होती. मी उठले, तोच बाईंनी माझं मनगट धरलं. "बस."

"बाई, तिला सांगायला हवं."

"आज नको. वाटू दे साखर."

आणि मी, गाढव, समजले की बाईंना दया आली. अर्ध्या तासात लच्छम्मा ताटलीभर साखर घेऊन आली. गरिबाघरी साखर म्हणजे चेष्टा नव्हे, कोणाकडून तरी उसनी आणली असणार. पहिली चिमूट बाईंच्या तोंडात, दुसरी माझ्या. बाईंनी खाल्ली. मीही खाल्ली. हे मी कधी विसरत नाही. पुढं ती गल्लीभर दारोदार साखर वाटत गेली. नागमणी मागं मागं, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी शिपायाकडून निरोप धाडला, लच्छम्मा आणि आजोबा दोघांना. अंगणात गल्लीतल्या बायकाही बोलावल्या. "साखर गल्लीनं खाल्ली, खरंही गल्लीला कळू दे," म्हणाल्या. आणि मग त्या तेलुगूत बोलायला लागल्या. स्वच्छ, न अडखळता! इतकी वर्षं पेठेत काढून ही बाई एक अक्षर तेलुगू बोलली नव्हती, मला वाटायचं येतच नाही. आजोबांना सगळं समजावून झाल्यावर शेवटचं वाक्य त्या मराठीत बोलल्या, आमच्यासाठी. "तुमच्यात ना म्हणजे माझं. मराठीत ना म्हणजे नाही. परीक्षा मराठीची होती."

म्हातारा पागोट्याचं टोक चाचपत उठला. "वाटलेली साकर परत मागता येत न्हाय, बाई," तो म्हणाला. "पोरगी तेवढी परत नेतो."

लच्छम्मानं बाईंकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ माझ्यासमोर आली. शिवी देईल, थोबाडीत मारील, काय वाटेल ते करील असं मला वाटलं. तिनं आपल्या मोडक्या मराठीत एवढंच विचारलं, "तू बी खाल्ली की साकर?"

त्या संध्याकाळी मी बाईंशी कडाडून भांडले. जन्मात पहिल्यांदा. एक दिवस फसवून काय मिळवलं तुम्ही? बाई चुलीसमोर बसून भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "माझा नवरा वारला तेव्हा मी अकरा वर्षांची, माहेरी होते. घरच्यांनी दोन दिवस मला सांगितलंच नाही. त्या दोन दिवसांत मी फुगड्या खेळले, आंबे खाल्ले. पुढं जे व्हायचं ते झालंच. पण ते दोन दिवस मला कोणी दिलेच नसते, तर माझ्याकडं काय असतं ग?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. तुमचे दोन दिवस आंब्यांचे गेले, ठीक आहे. पण तिच्या एका दिवसानंतर तिला अंगणात उभं करायची काय गरज होती? तसं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "मलाही अंगणातच सांगितलं होतं." आणि भाकरी उलटली.

तुम्हाला वाटेल, मी नोकरी सोडली असेल. छे! भाकरी कोणी घातली असती? मी तिथंच राहिले, पुढची सगळी वर्षं निकाल वाचत राहिले. नागमणी मात्र एकदाच दिसली, सहाव्या वर्षी, बाजारात. कडेवर मूल. मी ओशाळून विचारलं, काही वाचतेस का ग? तिनं पदर सावरला आणि हसून म्हणाली, "घडा सरळ केलता की बाई. पानी कुनी घातलंच न्हाय." घरी येऊन मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "चांगलं उत्तर होतं ते," म्हणाल्या. "डेप्युटींनी गुण द्यायला हवे होते."

इतक्या वर्षांनी! पण त्या वह्या तपासायला लागल्या होत्या.

पुढं बाईंना पोटाचं दुखणं लागलं. पेन्शन मिळून सहा महिनेही झाले नव्हते. अंथरुणावर पडल्या तशा माझ्या खोलीतच होत्या. ज्या खोलीत त्यांनी मला ठेवून घेतलं होतं ती आता माझी होती, एवढाच फरक. वरणाचं पाणीही पोटात ठरेना. एका दुपारी डॉक्टर येऊन गेले. मला बाहेर ओसरीवर नेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि ते सायकलवर बसून निघून गेले. मी आत आले. कोनाड्यात साखरेचा डबा होता. खरं सांगते, माझं लक्ष आधी त्या डब्याकडं गेलं. दोन दिवस देता आले असते मला. बऱ्या होताय म्हणाले डॉक्टर, असं म्हणून एक चिमूट तोंडात घालता आली असती.

बाई माझ्याकडंच बघत होत्या. "काय म्हणाले? द्वारके, निकाल वाच."

मी उशाशी बसले. त्यांचा हात हातात घेतला. लच्छम्माचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्या तोंडून शब्द गेला, तो मुद्दाम गेला की आपसूक, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"नापास."

त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "मराठीत," त्यांनी विचारलं, "की तेलुगूत?"

"मराठीत, बाई."

त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या हातावर दोन बोटं टेकवली, वर्गात एखाद्या मुलीनं न चुकता वाचल्यावर तिच्या पाटीवर टेकवायच्या तशी.

"बरोबर वाचलंस," म्हणाल्या.