पागेवरची खोली आणि माझा पलंग

माझ्या मावशीची त्या जुन्या, श्रीमंत वस्तीत निदान डझनभर घरं आहेत, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी तिला एका दगडी बंगल्याचं दार किल्लीने उघडून आत जाताना स्वतः पाहिलं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बंगल्याचं. "पैफा दाबून बफलीय तुझी बहीण," ते आईला म्हणाले. ओठांत टाचण्या असल्या की काका असंच बोलतात. मला त्यांची नक्कल टाचण्यांशिवायही जमते.

खरी गोष्ट अशी की किल्ल्या मावशीच्या पर्समध्ये असतात आणि घरं लोकांची. ती घरं विकून देते, दलाल आहे. तिचं स्वतःचं बिऱ्हाड म्हणजे त्याच वस्तीतल्या एका मोठ्या घराच्या मागे, जुन्या पागेवरची एक खोली. तीही भाड्याची. पूर्वी खाली घोडे उभे राहत आणि वर त्यांचा मोतद्दार झोपत असे. आता खाली मालकिणीची गाडी झोपते आणि वर मावशी.

त्या वस्तीत खिडकीचा रंग बदलायला परवानगी लागते. लिफ्ट बसवता येत नाही, कारण जिना ऐतिहासिक आहे. मावशीचे गुडघे मात्र कोणी ऐतिहासिक धरत नाही. "लोक घर नाही गं घेत, पत्ता घेतात," ती म्हणते. "पत्त्याला जिने नसतात. जिने माझ्या वाट्याला."

तिचे आवाज दोन. एक गिऱ्हाइकाचा: "या ना, सावकाश या, पायरी जरा झिजलीय हं." दुसरा घरचा: "हं." बस, एवढाच. हवा गेलेल्या सायकलीसारखा. मला दोन्ही येतात. गंमत मधल्या जागेत आहे. बेल वाजली की ती नाकाने एक लांब श्वास घेते आणि तो श्वास आत गेला की हसू बाहेर येतं. दिवसातून कितीतरी वेळा. रविवारी आमच्याकडे येते तेव्हा चपला काढून भिंतीला टेकते आणि आई काय विचारेल त्याला "हं."

आणि तिचा एक नियम आहे. खोट आधी. दार उघडल्यावर झुंबर नाही दाखवायचं, नक्षीचं छत नाही, सरळ ओल धरलेल्या कोपऱ्यापाशी न्यायचं. "त्यांना शोधावी लागली तर ते माझ्यावर चिडतात. मी दाखवली तर घरावर चिडतात. घराला काय, सवय असते."

तर एक दिवस घरमालकीण पागेवर आली. तिचं प्रत्येक वाक्य शेपटी हलवतं. "आता आम्हाला सांभाळणं होत नाही, नाही का? विकूनच टाकावी म्हणते, नाही का? तुम्हीच दाखवा. तुमच्याइतकी ही खोली कुणाला माहीत, नाही का?"

मावशी म्हणाली, "हो."

"हो?" रविवारी आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास! राहणार कुठे? त्या भागात तुला परवडणारी दुसरी खोली कोण देणार?"

"नाही म्हटलं असतं तर दुसरा दलाल आला असता," मावशी म्हणाली. "मला पलंगावरून उठवून गिऱ्हाइकाला म्हणाला असता, ह्या बाईंकडे लक्ष देऊ नका, ह्या जाणार आहेत."

आईने लाटणं खाली केलं. "मग इथे ये."

आमच्या दोन खोल्या. मधल्या खोलीत माझा पलंग, बाकी सगळं जमिनीवर. तिघींनी एकदम त्या पलंगाकडे पाहिलं.

"मावशी, पैज," मी म्हटलं. "ती खोली तुझ्या हातून विकलीच जाणार नाही. एकेक खोट सांगता सांगता संध्याकाळ होईल. दोनचार गिऱ्हाइकं पळाली की मालकीण कंटाळेल, आणि तू आहेस तिथेच राहशील."

"आणि विकली तर?"

"तर माझा पलंग तुझा. नाही विकली तर मोठ्या बंगल्यात एका गिऱ्हाइकाला मी घर दाखवणार. तुझ्या आवाजात."

"घे," मावशी म्हणाली. "पण पोपटीणबाई, मला घर वाईट दाखवता येत नाही. सवयच नाही."

मला वाटलं, थापा.

पहिलं गिऱ्हाईक, एक नवरा-बायको, चढतानाच गेलं. म्हणजे नवऱ्याचं कपाळ तुळईवर आपटलं आणि बायको म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं!" दुसऱ्याने खिडकी मोठी करता येईल का विचारलं, परवानगीचं ऐकलं आणि फोन आल्यासारखं केलं. फोन वाजलाच नव्हता. मालकीण खालून "असं कसं, नाही का?" म्हणाली. मी आतल्या आत बंगल्यातल्या जिन्यावरून उतरायची तालीम सुरू केली.

तिसऱ्या आल्या त्या एक डॉक्टरीणबाई. भूल देणाऱ्या. मोठ्या इस्पितळातून थेट आलेल्या, पाय ओढत, डोळ्यांखाली काळं. मावशीने तो लांब श्वास घेतला आणि हसू बाहेर काढलं.

"खोट आधी सांगते हं. इथे डोकं सांभाळा. हा कोपरा ओल धरतो, कपाट लावू नका. नळ पहाटे कण्हतो. थंडीत फटीतून वारा येतो, मी तिथे जुनी साडी कोंबते. खाली गाडी सुरू झाली की कपबशा थरथरतात. आणि खिडकीला हात लावायचा नाही, ती सरकारची लाडकी आहे."

मी किल्ल्यांचा जुडगा धरून दारात उभी. पैज खिशात पडल्यातच जमा होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "इथे झोप लागते का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी म्हटलं, नाही म्हण. एक शब्द, मावशी. कण्हणारा नळ आहे, थरथरत्या कपबशा आहेत, कोणालाही पटेल.

मावशीने पुन्हा श्वास घेतला, पण ह्या वेळी हसू आलंच नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. गिऱ्हाइकासमोर ती कधीच बसत नाही.

"लागते," ती घरच्या आवाजात म्हणाली. "दिवसभर लोकांची घरं चढून आले की शेवटचा हा एकच जिना उरतो. वर आलं की कोणी काही विचारत नाही. संध्याकाळचं ऊन ह्या भिंतीवर येतं आणि निघून जातं, आपल्याला उठावं लागत नाही. मोठ्या घरांतून लोक मला फोन करतात, झोप येत नाही म्हणून. इथे मी उशीला डोकं लावलं की गेलेच."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीला हात लावला. ऊन होतंच तिथे. मग त्याही कट्ट्यावर टेकल्या. दोघी शेजारी शेजारी बसल्या, बसथांब्यावरच्या अनोळखी बायका बसतात तशा.

"घेते मी," त्या म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "हं."

महिनाअखेरीला टेम्पोतून दोन ट्रंका, एक खुर्ची आणि मावशी आली. शिंपीकाका टाचण्यांसकट दारात येऊन म्हणाले, "डफनभर घरं फोडून इथे?" मावशी त्यांच्याकडे बघून चक्क हसली, गिऱ्हाइकाचं नाही, खरं.

आणि मी? मी मधल्या खोलीचं दार उघडलं, नाकाने लांब श्वास घेतला. "या ना, सावकाश या. खोट आधी सांगते हं. डावीकडची फळी करकरते. उशी सपाट आहे. शेजारच्यांचा मुलगा संध्याकाळी तबला बडवतो."

मावशी चपला काढून माझ्या पलंगावर आडवी झाली. मी चांगल्या गोष्टींकडे वळेपर्यंत ती झोपलीसुद्धा. मी सतरंजी उचलली आणि जमिनीवर कुठे ओल नाही ते बघू लागले.