कातळावरची होडी

काही जागांवर किस्से घडवावे लागत नाहीत, ते आपोआप चिकटतात. जेटीच्या खांबाला कालवं चिकटतात तसे. तुम्ही एक खरवडून काढा, पुढच्या भरतीला तिथे चार! आमच्या नाना दामल्यांचं पार्क ही तसली जागा. मी सांगताना तिखटमीठ लावतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. पण मी पडलो रंगाचा दुकानदार. भिंत असल्याशिवाय मी रंग लावत नाही!

दोन हजार साल उलटून गेलं होतं, पण मोबाईलला रेंज मिळवायला माणसं अजून गच्चीवर जात होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना नानांची जमीन लागते. सगळा कातळ. नानांनी आंब्याची कलमं लावली, ती जळली. काजू लावला, तो उगवलाच नाही. शेवटी नाना वैतागून म्हणाले, "झाडं धरत नाहीत ना? मग पाळणे लावतो!"

आणि खरंच लावले. एक आकाशपाळणा, एक घोड्यांचं चक्र, एक बारकी आगगाडी. पुळ्याला जाणारी माणसं देवाला जाताना बघून ठेवायची आणि येताना थांबायची.

मग नाना मुंबईला एका लग्नाला गेले आणि तिथल्या कुठल्याशा बागेत झुलती होडी बघून आले. भलीमोठी होडी, चाळीस माणसं आत, आणि ती या टोकाकडून त्या टोकाकडे झोके घेते. लग्न कोणाचं होतं ते नाना विसरले, पण होडी विसरले नाहीत. "आपल्याला हीच पाहिजे!"

तयार होडी आणली असती तर हा किस्सा इथेच संपला असता. पण नानांनी काम दिलं इक्बालभाईला.

*

इक्बालभाईच्या घरात चार पिढ्यांनी होड्या बांधल्या. त्याचे वडील हसनचाचा म्हणजे खाडीवरचे नावाजलेले मिस्त्री. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकडाच्या होडीला गिऱ्हाईक उरेना. इक्बालने खाडीकाठची शेड बंद केली आणि गावात वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं. त्या दिवसापासून चाचा मुलाशी जेवणखाण, पाऊसपाणी सगळं बोलायचे, पण त्याच्या कामाबद्दल अवाक्षर नाही.

चाचांच्या शेडचा एक रिवाज होता. होडी पुरी झाली की चाचा तिच्या खाली वाकायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळाच्या फळ्यांवरून तळहात फिरवायचे. मग उभे राहून एकच शब्द, "सोड." तो शब्द आल्याशिवाय होडी पाण्याला लागत नसे. मालक कितीही घाईत असो.

इक्बालने नानांचं काम घेताना अट घातली, "अब्बा हात फिरवून 'सोड' म्हणतील, तेव्हाच लोकांसाठी चालू करायची."

"म्हणतील की! त्यात काय?" नाना म्हणाले.

नानांची आणि चाचांची ओळख नव्हती, हे यावरून कळतं.

*

कामाला सुरुवात झाली आणि संध्याकाळी तिथल्या बाकावर आमची कमिटी बसायला लागली. मी, कारण रंग माझ्या दुकानातून जाणार होता. बापू, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, कारण घरी त्यांचं कोणी ऐकत नसे. आणि शेवंतामावशी, मासळीची पाटी रिकामी झाली की परतीच्या गाडीची वाट बघायला. आमचं मत कोणी विचारलं नव्हतं. म्हणून तर आम्ही ते भरभरून दिलं!

पण खरं सांगतो, इक्बालचं काम बघून आमची बोलती बंद व्हायची. आत लोखंडी सांगाडा, वरून सागवानी फळ्या. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अशी वळवली होती की वाटावं, आता ही उठून जयगड बंदराच्या दिशेने चालू लागेल. आणि हे सगळं कागदाशिवाय!

एक दिवस तपासणीला पुण्याचे एक इंजिनियर आले. आल्या आल्या म्हणाले, "ड्रॉइंग दाखवा."

इक्बाल त्यांना पार्कातल्या कामाच्या शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे कातळावर चुन्याने अख्खी होडी काढलेली. पस्तीस फूट लांब, जशी आहे तशी, फळीन् फळी. साहेब त्या होडीभोवती दोनदा फिरले. खिशातली टेप काढून चार ठिकाणी मोजलं. चारही मापं बरोबर! मग जरा घुटमळत म्हणाले, "उत्तम आहे. पण मला फाईलला लावायला एक कॉपी लागेल."

इक्बाल म्हणाला, "बाजूला कातळ मोकळा आहे, साहेब. काढून देतो."

*

शेवंतामावशीचा भरवसा बसत नव्हता तो बैठकीवर. "एवढी हिंदकळणार, तर माणूस खाली नाय पडायचा?"

इक्बालने समजावलं, मांडीवर दांडा येतो, तो आपोआप अडकतो, शिवाय पाठ अमुक इतकी कललेली आहे. मावशी म्हणाली, "बोलून काय सांगतंस? दाखव!"

आणि तिने बांगड्यांची पाटी चौथ्या रांगेत ठेवली. त्या दिवशी मासळी उरली होती. दांडा ओढला, होडी चालू केली, पूर्ण दहा मिनिटं. थांबल्यावर मावशीने वर चढून बांगडे मोजले. एक कमी नाही! रचलेली रांगसुद्धा मोडली नव्हती.

मावशीने खाली उतरून निकाल दिला, "बांगडा हलला नाय, तिथे माणूस काय हलतोय!" डिझाईनचं याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी बघितलेलं नाही.

एवढंच झालं की त्यानंतर महिनाभर चौथ्या रांगेत रोज सकाळी सात मांजरं बसलेली असायची. दांड्याच्या आत, ओळीने!

*

बापूंचा जीव होडीच्या खालच्या चाकावर जडला होता. होडीला झोका देतो तो खालचा फिरता टायर. तो वर येऊन तळाला घासतो आणि होडी पुढे ढकलतो. बापूंनी टायरला हात लावून बघितला, बुटाने ठोकून बघितला आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण घंटी कुठे?"

इक्बालने भोंगा बसवला होता. बापूंना तो पटेना. "भोंग्याने काय कळतं? सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. जगाला कळतं!" दुसऱ्या दिवशी ते कुठूनतरी जुनी घंटी आणि दोरी घेऊन आले. दोरी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. चालवायच्या केबिनमध्ये, अर्थातच, स्वतः बापू!

ट्रायलला पहिले बसले नाना. बापूंना डबल मिळाली, होडी निघाली. चौथ्या झोक्याला नानांचा चेहरा मी दिलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरसारखा झाला.

"थांबवा!" नाना ओरडले.

"घंटी द्या!" बापू केबिनमधून.

नानांनी दोरी ओढली. पण होडी वर जाताना एक झटका बसला आणि खाली येताना दुसरा. टण् टण्! डबल! बापूंनी स्पीड वाढवला.

"अहो, एकदाच ओढा!" मी ओरडलो.

"एकदाच ओढतोय!" नाना वरून. टण् टण्!

पाव तासाने वीज गेली तेव्हा नाना उतरले. बापू छाती काढून म्हणाले, "डबल दिल्यावर गाडी थांबवायची? तीस वर्षांत नाय थांबवली!"

पुढे इक्बालने पॅसेंजरच्या हातून दोरी काढून घेतली. घंटी मात्र ठेवली. म्हणाला, "आवाज चांगला आहे."

*

सगळं झालं. रंगही झाला, तळाला तांबडा, वर पांढरा, मधून निळा पट्टा. फक्त चाचा येत नव्हते.

इक्बालने घरी दोनदा विषय काढला. चाचांनी दोन्ही वेळा मुलाला विचारलं, आज मच्छी कोणती आणलीस? उद्घाटन चार दिवसांवर आलं, नानांनी पत्रिका वाटल्या, आणि इक्बाल म्हणतोय, अब्बांच्या शब्दाशिवाय लोकांसाठी चालू करणार नाही! नाना त्याच्यावर चिडले, पाया पडायला निघाले, पुन्हा चिडले. इक्बाल ढिम्म. पण संध्याकाळी आमच्या बाकावर येऊन बसायचा, आणि रस्त्यावर रिक्षा वाजली की मान वळवायचा.

शेवटी मी चाचांकडे गेलो. डोक्यात एक युक्ती होती. म्हटलं, "चाचा, इक्बालने गडबड केली. होडीचं पोट फार सुटलंय."

चाचांनी जाळ्याची गाठ मारता मारता मान वर केली. "पोट पाण्यासाठी असतं, वसंता. पाणी कापायला. ती तुमची काय कापणार, वारा?"

"पण बघून तर या."

"जिला पाणी लागणार नाय, तिला होडी कशाला म्हणतंस? सोफा म्हण!"

मी परत आलो. इक्बालला सोफ्याचं सांगितलं नाही.

*

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी होडी धुवायची ठरली. बागेतली नळी आत सोडली आणि आम्ही चहाला गेलो. नळ बंद कोणी करायचा होता यावर आजही चर्चा आहे. मी त्या चर्चेत भाग घेत नाही.

आलो तर होडी काठोकाठ भरलेली! आसनं पाण्याखाली. आम्ही खाली बघितलं, कातळ कोरडा ठणठणीत.

मग इक्बालने हळूच कबूल केलं. फळ्यांच्या सगळ्या फटी त्याने तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून बंद केल्या होत्या. दर्यात जाणाऱ्या होडीच्या करतात तशा! नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ही कुठे पाण्यात जायची होती?"

"हाताला सवय आहे, नाना. फट उघडी ठेवून पुढे जाताच येईना."

तेवढ्यात शेवंतामावशीने पाटी उचलली आणि पहिल्या रिक्षाला हात केला. ती थेट चाचांच्या दारात उतरली आणि फक्त एक वाक्य बोलली, "चाचा, तुमच्या पोराच्या होडीत पाणी भरलं!"

हे वाक्य ऐकून बसून राहणारा मिस्त्री अख्ख्या खाडीवर जन्मलेला नाही. वीस मिनिटांत चाचा पार्कात हजर! हातात लाकडी हातोडा, खांद्याला कापूस आणि राळेची पिशवी. "कुठे गळते? कुठे?"

चाचांनी वर बघितलं. पाणी बाहेरून आत आलेलं नाही, आतलं बाहेर जात नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग हातोडा खाली ठेवून ते होडीखाली वाकले. डोक्यावर टनावारी पाणी. नाळेपासून सुरुवात करून तळहात फिरवत पार दुसऱ्या टोकाला गेले. अर्ध्यात एका फळीवर थांबले, नख लावून बघितलं, पुढे गेले. तिकडून बाहेर येऊन तळहात बघितला. कोरडा!



"राळ कुठली घातलीस?" चाचांनी विचारलं. मुलाच्या कामाबद्दल कित्येक वर्षांतला पहिला प्रश्न.

"तुमचीच, अब्बा. खाडीवरच्या शेडमधला डबा होता."

"हूं." चाचांनी हातोडा उचलला. चार पावलं गेले. आणि पाठ फिरवूनच म्हणाले, "सोड."

इक्बाल काहीतरी शोधतोय असं दाखवत शेडच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

*

पाणी काढायला होडीला भोकं पाडणं भाग होतं, नाहीतर दर पावसात हीच गत. इक्बालने ड्रिल हातात घेतलं, तळाला टेकवलं आणि खाली ठेवलं. "होडीला भोक? मला नाही जमणार." चाचांना विचारायची कोणाची हिंमत नव्हती. शेवटी मी पाडली. तळाला तीन भोकं, अंगठ्याएवढी. पाणी गेलं, उद्घाटन झालं, गर्दी लोटली. सातारा-कोल्हापूरकडची माणसं उतरल्यावर नाळेला हात लावून विचारायची, "ही फॉरेनची काय हो?" बापू केबिनमधून सांगायचे, "नाय, खाडीपलीकडची!"

आणि चाचा? ते रोज पाच वाजता यायला लागले. खांद्याला तीच पिशवी. फुकट बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. तिकीट काढायचे आणि अगदी मागच्या टोकाला, सुकाणू असायला हवं तिथे जाऊन बसायचे.

जूनमध्ये पावसामुळे पार्क आठवडाभर बंद होतं. उघडल्यावर बघतो तर होडी पुन्हा काठोकाठ! नाना माझ्यावर उखडले, "वसंता, भोकं नीट पाडली नाहीस!" मी खाली वाकलो. भोकं मी स्वतः पाडलेली, जागा मला पाठ. पण डोळ्यांनी दिसेनात, बोटांनी लागेनात! शेवटी बॅटरी धरून बघितलं तेव्हा तीन बारीक वर्तुळं दिसली. सागवानाच्या खुंट्या, कडेने कापूस, वरून राळ, आणि त्यावर माझ्याच दुकानातला तांबडा रंग. नखसुद्धा शिरेना.

"मी नाही हां!" इक्बाल लगेच म्हणाला. आणि तो खोटं बोलत नाही.

मग आम्ही सगळ्यांनी एकदम चाचांकडे बघितलं. ते रांगेत पहिले उभे होते, पिशवी पोटाशी धरून, होडी रिकामी व्हायची वाट बघत.

"चाचा, ही भोकं कोणी बुजवली?"

चाचांनी खिशातून तिकीट काढून माझ्या नाकासमोर धरलं. "मना काय इचारतंस? मी पॅसेंजर!" आणि केबिनकडे वळून ओरडले, "बापू, पाणी उपसून झालं की डबल दे रे!"