दोघींचे डबे

आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये दोन स्टार होत्या, आणि दोघींना बॉल पुरवायचं काम माझं. दोघींत मोठी स्टार कोण, हे आमचे कोच सर कधी सांगत नसत. अकोल्याला मॅचला जाताना बसमध्ये एकीने मला दही सांडत गिला वडा चारला, दुसरीने ठेचा लावलेली भाकर. "आज बॉल मलेच देजो," दोघींनी कानात सांगितलं. मी दोघींचं खाल्लं आणि दोघींना हो म्हटलं.

मैदानावर दोघी "मले दे, मले दे" ओरडत सुटल्या. अकोल्याच्या पोरी काय बहिऱ्या होत्या? सगळ्या त्या दोघींनाच चिकटल्या. बास्केटखाली मी मोकळी. मग मीच बास्केट टाकत गेले, आणि आम्ही जिंकलो.

परतताना त्या दोघी एका सीटवर बसल्या. त्यांचा उरलेला डबा बसभर फिरला, ड्रायव्हरपर्यंत गेला. माझ्यापुढेच तेवढा थांबला नाही.